गाडी दामटू नका, बोट पुढे घ्या

मेलबर्न-जिलाँगकडच्या मराठी ग्रुपांवर सध्या एक निरोप फिरतोय, ‘बोट ओढणाऱ्यांसाठी पाच सूत्रं’. वर नांगराचं चित्र, खाली जोडलेले हात. सूत्रं अशी: एक, टो-बॉलवर (गाडीच्या मागचा गोळा, ज्यावर ट्रेलर अडकवतात) भार जितका कमी तितकं गाडीचं आयुष्य जास्त, म्हणून बोट ट्रेलरवर मागे सरकवून ठेवा. दोन, ट्रेलर डोलायला लागला तर ब्रेक मारू नका, ॲक्सिलरेटर दाबा, ट्रेलर आपोआप सरळ होतो. तीन, सहा मीटरच्या आतली बोट हलकी असते, तिचा तोल बघत बसू नका. चार, ट्रेलरचं नाक थोडं वरच असू द्या. पाच, विंचचा (बोट ट्रेलरवर ओढून घ्यायच्या हातरहाटाचा) पट्टा करकचून ताणला की बाकी काही बांधायची गरज नाही.

एरवी वाचून सोडून दिलं असतं. पण माझ्या भाच्याने नुकतीच एक सेकंडहँड बोट घेतलीय आणि परवा त्याचा फोन आला, “मामा, विंच पोस्ट, म्हणजे विंचचा खांब, मागे घेतोय. बोट मागून किती बाहेर राहिली तर चालेल?” कुठे वाचलंस म्हटल्यावर हाच निरोप पुढे केला.

दुसरं सूत्र आधी घेतो, कारण याने थेट माणूस जाईल. ट्रेलर टो-बॉलभोवती फिरतो. शेजारून मोठा ट्रक गेला किंवा आडवा वारा लागला (वेस्ट गेट पुलावर तो काही पाहुणा नाही) की ट्रेलरची शेपटी एका बाजूला जाते आणि टायर तिला परत ओढतात. बेताच्या वेगात प्रत्येक झोका आधीच्यापेक्षा लहान होत जातो आणि प्रकरण मिटतं. वेग वाढला की झोके विरायला जास्त वेळ लागतो. एका मर्यादेपुढे ते विरतच नाहीत, उलट प्रत्येक झोका आधीच्यापेक्षा मोठा होतो. ही मर्यादा प्रत्येक गाडी-ट्रेलर जोडीची वेगळी, आणि ती कुठल्याही काट्यावर दिसत नाही. ट्रेलर डोलून थांबत नसेल तर तुम्ही त्या मर्यादेच्या अगदी जवळ आहात किंवा ती ओलांडलीय. आणि निरोप सांगतो, अजून दाबा!

ओढ बसली की ट्रेलर क्षणभर ताणला जाऊन सरळ होतो, हे खरं आहे. कमी वेग, सरळ रस्ता आणि दणकट इंजिन असताना कुणाचं तरी एकदा निभावलं असेल आणि त्याचंच सूत्र झालं. पण उतारावर काय करणार? आणि दाबून दाबून कधीतरी पाय उचलावा लागणारच ना? तेव्हा आधीपेक्षा जास्त वेगात उचलाल. म्हणून आधीच ॲक्सिलरेटरवरून पाय काढा, स्टीअरिंग सरळ धरून ठेवा, झोक्याला उलट झोका देत बसू नका आणि वेग आपसूक उतरू द्या. गाडीचा ब्रेक जोरात मारायचा नाही, तेवढा अर्धा भाग निरोपात बरोबर आलाय, नाइलाजाने मान्य करतो. ट्रेलरला इलेक्ट्रिक ब्रेक असतील तर गाडीतल्या कंट्रोलरवरून हाताने फक्त ट्रेलरचे ब्रेक हलकेच लावता येतात. पण छोट्या बोटींच्या ट्रेलरना बहुतेक ती सोय नसते. इथे 750 किलोपर्यंत ब्रेकची सक्तीच नाही आणि त्यापुढे 2,000 किलोपर्यंत ओव्हरराइड ब्रेक चालतात. ते ट्रेलर गाडीला मागून रेटायला लागला की लागतात, तुमच्या हातात काही नसतं.

आता पहिलं सूत्र, म्हणजे या सगळ्या दुखण्याचं मूळ. ज्याने बैलगाडी भरलीय त्याला हे शिकवावं लागत नाही: माल मागे गेला की गाडी उलाळ होते आणि जू वर उचललं जातं. बोटीत तर मागचं ओझं आधीच ठरलेलं असतं. आउटबोर्ड मोटर ट्रान्समवर (बोटीच्या मागच्या उभ्या फळीवर), बॅटरी मागे, बऱ्याचदा पेट्रोलची टाकीही मागे. त्यात आपण आणखी बोट मागे सरकवायची. बॉलवरचा भार घटला की गाडीच्या मागच्या चाकांची पकडही घटते, आणि डोलणारा ट्रेलर आवरायचा तो त्याच चाकांच्या जिवावर.

इथे एक ठोस दाखला देतो. इंग्लंडच्या बाथ विद्यापीठात वजनाची मांडणी आणि ॲक्सलची जागा बदलता येणारा खास ट्रेलर बनवून त्याच्या वेगातल्या स्थैर्याच्या चाचण्या झाल्या, शोधनिबंध 2009 चा आहे. निष्कर्ष असा की स्थैर्य ठरतं ते बॉलवरच्या भारावर, ॲक्सलच्या जागेवर आणि वजन ट्रेलरच्या लांबीत कसं पसरलंय त्यावर. नुसत्या एकूण वजनाने फारसा फरक पडत नाही. म्हणजे तिसरं सूत्रही इथेच निकालात निघालं. हलकी बोट चुकीच्या जागी ठेवली तर तीही डोलते. ज्यांना निबंध नको त्यांनी ट्रेडमिलवरच्या खेळण्यातल्या गाडीचा व्हिडिओ बघावा. वजन ट्रेलरच्या पुढच्या भागात असताना बोटाने टिचकी मारली तरी ट्रेलर सावरतो, तेच वजन मागे नेलं की एका टिचकीत गाडीसकट आडवा होतो.

भार किती हवा? ऑस्ट्रेलियात भरलेल्या ट्रेलरच्या साधारण 10 टक्के धरतात. ब्रिटनमध्ये 5 ते 7 टक्के सांगतात, तेव्हा ‘कमी भार’वाल्यांना तेवढा आधार आहे. पण शून्य कुणीच सांगत नाही. उलट टोकही वाईटच: नाक फार जड झालं की गाडीची शेपटी बसते, पुढची चाकं हलकी होतात, स्टीअरिंग सैल वाटतं आणि हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यात. शिवाय टो-बारच्या पाटीवर आणि गाडीच्या पुस्तकात जी मर्यादा लिहिलीय तिच्यापुढे कुठलीही टक्केवारी चालत नाही. काही छोट्या गाड्यांची मर्यादा 75-80 किलोच असते.

मोजायला बाथरूमचा वजनकाटा पुरतो. मजबूत फळीचं एक टोक विटेवर, दुसरं काट्यावर, आणि विटेपासून एक तृतीयांश अंतरावर ट्रेलरचं नाक टेकवायचं. नुसती फळी ठेवल्यावर काटा जो आकडा दाखवतो तो यातून वजा करा आणि उरलेल्याची तिप्पट करा. ट्रेलर सपाट हवा, चाकांना अडण हवी, आणि टाकी, नांगर, आइसबॉक्स सगळं रोजच्यासारखं भरलेलं हवं. 100 लिटर पेट्रोल म्हणजे सुमारे 74 किलो, रिकाम्या टाकीने काढलेला आकडा फसवतो.

भाच्याचं सगळं मिळून 1,500 किलो भरलं, बॉलवर फक्त 60. त्यात बोट मोटरसकट 1,100 किलो आणि बॉल ते ॲक्सल साडेचार मीटर. हिशेब सोपा आहे: बोट जितके मीटर पुढे, गुणिले तिचं वजन, भागिले साडेचार. 20 सेंटिमीटर पुढे घेतली तर 49 किलो वाढतात. त्यापुढे विंच पोस्ट जाईना, म्हणून ॲक्सल 10 सेंटिमीटर मागे घेतला, त्याचे आणखी 30. झाले 139, आणि त्याच्या यूटला (मागे उघडा हौदा असलेल्या गाडीला) ते सहज झेपतात. ॲक्सल यू-बोल्टने आवळलेला होता म्हणून हे जमलं, वेल्ड केलेला असता तर वर्कशॉप गाठावं लागलं असतं. ॲक्सल हलवला की बॉलपासून दोन्ही टोकांची अंतरं टेपने मोजून सारखी करा, नाहीतर ट्रेलर तिरका चालतो आणि टायर एका कडेने झिजतात.

बोट मागे सरकवण्याचा आणखी एक प्रताप सांगायचा राहिला. ट्रान्सम बंकच्या (ट्रेलरवर बोट टेकते त्या लांब फळ्यांच्या) टोकाबाहेर लटकला की मोटरचं सगळं वजन अधांतरी राहतं. महिनोन्‌महिने असं उभं राहिलं की बुडाला बाक येतो आणि मग पाण्यावर बोटीचं नाक दाबलं जातं.

चौथं सूत्र घरी उभ्या बोटीला लागू आहे. नाक वर, बुडाचं बूच काढलेलं, म्हणजे पावसाचं पाणी निघून जातं. रस्त्यावर ट्रेलर सपाट हवा. दोन ॲक्सलच्या ट्रेलरचं नाक वर असेल तर भार मागच्या ॲक्सलवर जातो.

पाचव्याबद्दल एवढंच: विंचचा पट्टा बोटीला पुढे ओढून धरतो, खाली दाबून धरत नाही. ते काम ट्रान्समच्या दोन पट्ट्यांचं. नाकाला विंचशिवाय वेगळी साखळीही हवी, विंचचा दात घसरला तरी बोट मागे जाऊ नये म्हणून. विंच पोस्ट किंवा ॲक्सल हलवला असेल तर पहिल्या फेरीनंतर सगळे यू-बोल्ट परत आवळा.