हरकती मागवा, पण येऊ देऊ नका

साहेब, नव्या खुर्चीबद्दल अभिनंदन! आल्या आल्या नियमांचा मसुदा काढून ‘हरकती व सूचना’ मागवायच्यात म्हणून धास्तावलात? अहो, लोक टेबलाशी येऊन उभे राहायचे ते दिवस गेले. आता मध्ये पोर्टल आहे.

मसुदा किमान 30 दिवस लोकांपुढे ठेवा, सोबत सोप्या भाषेत टिपण द्या, असं केंद्राचं 2014 चं धोरण सांगतं. धोरणच आहे, कायदा नव्हे. तरी 30 दिवस द्याच. गणपती धरून द्या.

खरी कला पीडीएफमध्ये. संगणकावर टाइप केलेला मसुदा छापा, सही करा, गोल शिक्का नेमका दंडाच्या रकमेवर उमटवा आणि जरा तिरका ठेवून स्कॅन करा. एकही शब्द शोधून सापडायचा नाही. गावाकडचा माणूस मोबाइलवर बोटांनी ताणत ताणत कलम 4 पर्यंत पोचेल तोवर त्याचा डेटा संपलेला असेल. लुकलुकणारं ‘नवीन’ मात्र 2017 च्या परिपत्रकापुढेच राहू द्या. सवयीचं झालंय ते.

भाषेचं सांभाळा. पर्यावरण आघात मूल्यांकनाचा, म्हणजे प्रकल्पाने पर्यावरणाचं काय होईल ते आधी तपासायच्या नियमांचा, केंद्राचा मसुदा मार्च 2020 मध्ये इंग्रजी-हिंदीत निघाला, तोही ऐन टाळेबंदीच्या तोंडावर. एवढी काळजी घेऊनही लोकांनी लाखोंनी हरकती धाडल्या आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मसुद्याचं 22 भाषांत भाषांतर करायला सांगितलं! म्हणून तुम्ही मराठीच वापरा. ‘उपरोक्त संदर्भाधीन तरतुदींस अधीन राहून’ सुरू झालं की मराठी माणूस आपणहून इंग्रजी प्रत मागतो.

एखादा उत्साही कनिष्ठ तैवानचं नाव काढेल. तिथे 2015 मध्ये उबरच्या प्रश्नावर ‘पोलिस’ नावाच्या प्रणालीवर (आपल्या पोलिसांशी संबंध नाही) लोकांनी एकमेकांच्या विधानांवर सहमत-असहमत एवढंच नोंदवलं. उलट उत्तर द्यायची सोयच नव्हती, त्यामुळे भांडण पेटेना. ज्यावर सगळ्या गटांचं जमलं, ते मुद्दे सरकारने चर्चेला घेतले आणि पुढे नियमांत आणले. त्या पोराची आस्थापना शाखेत बदली करा.

आपला फॉर्म साधा ठेवा. ओटीपी दहा मिनिटांनी, सेशन पाच मिनिटांचं.

एवढं करूनही कुणी आजोबा पिशवीतून हाताने लिहिलेली सूचना घेऊन आलेच, तर बसवा, पाणी विचारा, लिंक लिहून द्या. फक्त आवकचा शिक्का मारू नका.