सरड्याची भूक आणि धाकाची शिस्त : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

खाण्याच्या वेळी हातावर झेप घेणाऱ्या बिअर्डेड ड्रॅगन या पाळीव सरड्याविषयीच्या माझ्या लेखावर आपण सविस्तर लिहिलेत, याबद्दल मनापासून आभार. आपले म्हणणे असे, की मी सुचवलेले चिमट्याने भरवणे, खुणेच्या काठीने शिकवणे आणि संयम हे सारे प्राण्याचे नसते लाड आहेत. सरड्याला शिकण्याची बुद्धी नसते, त्याला फक्त धाक कळतो. आपल्या मुलुंडच्या घरातील नराने मुलीच्या बोटाला चावा घेतल्यावर आपण त्याला दोन दिवस उपाशी ठेवले, नाकावर टिचक्या मारल्या, आणि आता पेटीचे दार उघडताच तो दाढी, म्हणजे गळ्याखालची काटेरी त्वचा, काळी करून कोपऱ्यात सरकतो, म्हणजेच सुधारला, असे आपण लिहिता. चिमट्याने भरवल्यामुळे प्राणी अधिक हिंस्र होतो, असाही आपला आक्षेप आहे. या शेवटच्या आक्षेपात तथ्य आहे आणि त्याकडे मी पुढे वळतो. धाकाचा मुद्दा मात्र मला मुळीच मान्य नाही.

आपण स्वतःच नोंदवलेली काळी दाढी या प्रश्नाचे उत्तर देते. भक्ष्यावर झेपावणाऱ्या बिअर्डेड ड्रॅगनची दाढी सहसा काळी होत नाही. त्याची नजर हलणाऱ्या वस्तूवर खिळते, मान किंचित तिरकी होते, अंग पुढे झुकते आणि जिभेचे टोक बाहेर डोकावते. यात राग नसतो. हलते बोट त्याला अळीसारखे दिसते, एवढेच. घाबरलेला किंवा डिवचलेला प्राणी याच्या उलट अंग चपटे करतो, जबडा उघडतो, गळ्याखालची काटेरी त्वचा फुगवतो आणि ती काळी पडते. आपल्याकडे आधी पहिला प्रकार होता, आता दुसरा आहे. टिचकीमुळे त्याचा बोटाविषयीचा गैरसमज दूर झालेला नाही. हात म्हणजे संकट, ही नवी समजूत तेवढी त्यात मिसळली आहे. कोपऱ्यात अडकलेला प्राणी स्वसंरक्षणासाठी चावतो, तेव्हा तो चावा अधिक जोराचा असू शकतो, आणि आपल्या घरात लहान मुलगी आहे, म्हणून हे मी आग्रहाने सांगत आहे.

उपाशी ठेवण्याविषयी बोलायचे, तर प्रौढ प्राण्याला कीटक रोज द्यावे लागत नाहीत. आठवड्यातून काही वेळा दिले आणि पालेभाजी नियमित ठेवली, तरी त्याचे भागते. त्यामुळे दोन दिवसांचा खंड आपल्या नराला घातक ठरला नसेल. वाढत्या पिलाला मात्र तो मानवणार नाही. पण भुकेने झेप मंदावते, हा समज मूळातच उलटा आहे. भूक जितकी तीव्र, तितकी हलणाऱ्या वस्तूवर आधी तुटून पडण्याची आणि मग पाहण्याची घाई अधिक. आपल्या शहरात याची एक नेहमीची तऱ्हा आहे. कामावरून परतणारा माणूस लोकलमधून उतरून रात्री नऊला घरी पोहोचतो, घाईघाईने सुपरवर्म, म्हणजे खाद्य म्हणून मिळणाऱ्या मोठ्या अळ्या, टाकतो आणि तासाभरात दिवे मालवतो. हा दिवसा वावरणारा प्राणी आहे. पचनासाठी त्याला ३८ ते ४२ अंश सेल्सिअस तापमानाची ऊब घेण्याची जागा आणि खाल्ल्यानंतर काही तासांचा उजेड लागतो. सकाळी, दिवे लागून तासभर उलटल्यावर, ठरलेल्या वेळी खाणे दिले, तर निम्मी अधीरता तिथेच ओसरते. त्यासाठी घरातील कोणाला तरी थोडे लवकर उठावे लागेल.

सरड्याला बुद्धी नसते, हे विधान आता टिकत नाही. २०१५ मध्ये ‘अॅनिमल कॉग्निशन’ या नियतकालिकात आलेल्या एका प्रयोगात बिअर्डेड ड्रॅगनांनी आपल्याच जातीच्या शिकवलेल्या प्राण्याला जाळीचे दार डोक्याने सरकवताना पाहिले आणि नंतर स्वतः तसेच दार उघडले. ज्यांनी ते कृत्य पाहिले नव्हते, त्यांना ते साधले नाही. कितीतरी मोठ्या आणि धोकादायक कोमोडो ड्रॅगनलाही प्राणिसंग्रहालयांत खुणेच्या काठीमागे चालायला शिकवले जाते, कारण तेथे टिचकी मारण्याचा प्रश्नच उद्भवत नाही.

आता चिमट्याविषयी. चिमट्याने अळी नाकासमोर नाचवली आणि प्राण्याला झेप घ्यायला लावली, तर झेप घेणेच आपण शिकवतो. येथवर आपले निरीक्षण अचूक आहे. पण दार उघडून वाडग्यात कीटक ओतले, तरी दार उघडणे आणि हात आत येणे हीच खाण्याची घंटा ठरते. दोष साधनाचा नाही, संकेताचा आहे. म्हणून संकेत वेगळा करावा. काठीच्या टोकाला एक रंगीत मणी लावावा, त्याच्या नाकापासून वीतभर अंतरावर स्थिर धरावा, आणि तो मण्याकडे पाहून पुढे आला, की अळी मण्याशेजारी खाली ठेवावी, हवेत हलवू नये. काठी दिसली तरच खाणे, हा नियम घरातील प्रत्येकाने पाळावा. त्याखेरीज दिवसातून अनेकदा दार केवळ साफसफाईसाठी, पाण्यासाठी किंवा उगाच उघडावे आणि काहीही न देता बंद करावे, म्हणजे दाराचा व खाण्याचा संबंध हळूहळू सुटतो. हात आत घालायचा तो बाजूने, मूठ मिटून. वरून आलेला हात त्याला शिकारी पक्ष्यासारखा वाटतो. चिमटा वापरलाच, तर टोकाला रबर असलेला किंवा बांबूचा असावा, कारण या प्राण्याचे बहुतेक दात जबड्याच्या हाडाला जुळलेले असतात आणि धातूवर आपटून तुटले, तर पुन्हा येत नाहीत.

आपण जाताजाता लिहिलेत, की त्याच पेटीत एक मादीही आहे आणि तिच्या पायाचे एक बोट तुटले आहे. मला या पत्रातील सर्वांत गंभीर गोष्ट हीच वाटते. बिअर्डेड ड्रॅगन एकटा राहणारा प्राणी आहे. एका पेटीत दोघे असले, की खाण्याच्या गडबडीत बोटे आणि शेपट्या चावल्या जातात, आणि त्या पुन्हा उगवत नाहीत. वाडगे दोन केल्याने हे थांबणार नाही. कृपया त्यांना आजच वेगवेगळ्या पेट्यांत ठेवा आणि मादीची जखम, तसेच ती गाभण आहे का, हे सरपटणाऱ्या प्राण्यांचा अनुभव असलेल्या पशुवैद्याकडून तपासून घ्या, कारण अंडी धरलेल्या मादीची भूकही एकाएकी वाढते.

मुलीचा चावा वाहत्या पाण्याखाली साबणाने नीट धुतला असेलच. धनुर्वाताच्या लसीविषयी डॉक्टरांना विचारावे. रेबीजची भीती बाळगू नये, तो सस्तन प्राण्यांचा आजार आहे. साल्मोनेला या पोट बिघडवणाऱ्या जिवाणूचा धोका मात्र खरा आहे, म्हणून पेटीला हात लावल्यानंतर प्रत्येक वेळी हात धुवायला हवेत. सध्या काही आठवडे कीटक आपणच द्यावेत. मुलीने हवे तर दुधी आणि शेवग्याचा पाला चिरलेले ताट आपल्या देखरेखीखाली, नर ऊब घेत दुसऱ्या टोकाला बसलेला असताना, आत ठेवावे.