'एसीत बसून' लिहिणाऱ्याचं उत्तर

मागच्या आठवड्यात मी लिहिलं होतं की पुन्हा कोरोनासारखी साथ आली तर मास्क लावायला मी तरी लाजणार नाही. त्याखाली 'सत्यवचनी' या नावाने आलेली प्रतिक्रिया आधी जशीच्या तशी देतो: "एसीत बसून मास्कचे गोडवे गाणं सोपं आहे. ४५ डिग्रीत मास्क लावून राबणाऱ्याला विचारा. कापडी मास्क म्हणजे मच्छरदाणीने धूळ अडवणं. डेन्मार्कच्या अभ्यासात काहीच फरक दिसला नव्हता. लहान मुलांचं आणि कमी ऐकू येणाऱ्यांचं किती नुकसान झालं, त्यावर तुमची एक ओळ नाही. आणि फोटो तरी नीट बघून टाका."

शेवटचं आधी घेतो. फोटो चुकला, मान्य. त्यातला एन-९५ व्हॉल्व्हवाला होता. तो आत येणारी हवा गाळतो, बाहेर जाणारी तशीच सोडतो. म्हणून जुलै २०२० मध्ये केंद्राच्या आरोग्य खात्याने राज्यांना पत्र लिहून लोकांनी असले मास्क वापरू नयेत असं कळवलं होतं. फोटो काल रात्रीच बदलला. चूक दाखवली की मी मान्य करतो, एवढं लक्षात असू द्या.

आता 'एसीत बसून'.

भाऊ म्हणू की ताई, कळायला मार्ग नाही, भाऊच म्हणतो. तर भाऊ, माझ्या घरी एसी नाही. कूलर आहे, आणि यंदा त्याची खस बदलायची राहिली म्हणून तो गारवा कमी आणि कुबट वासच जास्त फेकतो. औषधांच्या दुकानात काउंटरमागे उभं राहून मला सव्वीस वर्षं झाली. दुकान नागपूरच्या महाल भागात, शटर पश्चिमेला; तीननंतर ऊन थेट काउंटरवर. २०२१ चा एप्रिल मी तिथे उभ्याने काढला. "राबणाऱ्याला विचारा" म्हणता ना? विचारा. समोरच आहे.

ऐका मग. काळा कापडी मास्क बारा वाजेपर्यंत ओला गच्च व्हायचा. ओलं कापड नाकाला चिकटतं, श्वास ओढला की तोंडात येतं. वाळला की त्यावर घामाच्या मिठाच्या पांढऱ्या रेघा. दिवसाला तीन लागायचे, रात्री गरम पाण्यात धुऊन बनियनांच्या शेजारी दोरीवर टांगायचो. कानामागची सालटी निघाली तेव्हा बायकोने टोपीला दोन बटणं शिवून दिली. मास्कचं इलॅस्टिक त्यात अडकवायचं. दुकानातला पोरगा चष्मेवाला. चिठ्ठी वाचायला घेतली की काचेवर वाफ, चष्मा काढला की चिठ्ठी दिसत नाही. त्रास होता. नव्हता असं मी कुठे लिहिलं, ती ओळ दाखवा.

आणि गिऱ्हाईक! काउंटरपासून चार हातांवर दोरी बांधली होती. माणूस चौकातून पाचशेच्या दंडाच्या भीतीने नाक-तोंड झाकून यायचा आणि नेमकं बोलायच्या वेळी मास्क हनुवटीवर ओढायचा. "भाऊ, रेमडेसिविर आहे का?" बरेच जण रडतच विचारायचे. त्यांना "मास्क वर घ्या" म्हणायला जीभ रेटत नव्हती. तरी म्हणायचो, कारण घरी ऐंशीची आई होती. त्या दोन वर्षांत तिला कोरोना शिवला नाही. मला तरी याहून मोठा पुरावा नको. आणि हे सगळं सोसलेल्या माणसाला तुम्ही दोन शब्दांत एसीत बसवून मोकळे झाले!

उन्हाचं म्हणाल, तर आपल्या गावातल्या पोरी कोरोना यायच्या कितीतरी आधीपासून एप्रिल-मेमध्ये डोळे तेवढे उघडे ठेवून, स्कार्फ गुंडाळून गाडी चालवतात. तेव्हा कोणी श्वास कोंडल्याची तक्रार केली नाही.

मच्छरदाणीचं वाक्य टाळ्या घेणारं आहे, पण विषाणू सुटा उडत येत नाही. थुंकीच्या बारीक-मोठ्या तुषारांतून येतो. एकपदरी रुमाल कुचकामी, हे मी मूळ लेखातच म्हटलं होतं. जागतिक आरोग्य संघटनेने जून २०२० मध्ये कापडी मास्कला तीन थर सांगितले ते उगाच नाही.

डेन्मार्क. भाऊ, तुम्ही मथळा वाचून बोलून राहिले. २०२० च्या एप्रिल-मेमध्ये सुमारे सहा हजार लोकांवर तो प्रयोग झाला. मास्क वापरायला सांगितलेल्यांत १.८ टक्के बाधित, बाकीच्यांत २.१. एवढ्या फरकावरून ठाम काही म्हणता येत नाही, हे खरं. पण त्यांनी तपासलं काय? लावणाऱ्याचा बचाव. माझा लेख समोरच्याच्या बचावाबद्दल होता. बांगलादेशात ६०० गावांत, तीन लाखांवर प्रौढांत, काही गावांत मास्क वाटून आणि काहींत न वाटता बघितलं, तेव्हा मास्क लावणारे १३ टक्क्यांवरून ४२ वर गेले आणि लक्षणांसह रक्ततपासणीत सापडलेला कोरोना नऊएक टक्क्यांनी घटला. सर्जिकल मास्क वाटलेल्या गावांत साठीपुढच्यांमध्ये ३५ टक्क्यांनी. कापडीचे आकडे ढिले निघाले, हो. म्हणून तर मी आता सर्जिकलच विकतो. (यावर 'धंद्यासाठी लिहितो' अशी पुढची प्रतिक्रिया येणार. एका मास्कमागे काय सुटतं ते येऊन बघा.)

मुलांचा आणि कमी ऐकू येणाऱ्यांचा मुद्दा निराळा, त्यावर कधीतरी वेगळं लिहीन. पाच वर्षांपर्यंतच्या मुलांना मास्क लावायला लावू नका, असं जागतिक आरोग्य संघटनेनेच सांगितलं होतं. तूर्त एवढं पुरे. आमच्या आईलाही मास्कआडून बोललेलं कळायचं नाही. "ते फडकं काढ रे, ओठ दिसू दे," म्हणायची. आम्ही पाटीवर लिहून दाखवायचो. नंतर नंतर तिने विचारणंच कमी केलं. भागलं आमचं.

तुमची प्रतिक्रिया काढत नाही, राहू द्या. 'एसीत' तेवढा शब्द तुम्हीच काढला तर बरं. आणि एक दिवस दुकानात या, दुपारी तीननंतर. काउंटरच्या माझ्या बाजूला उभे रहा.