भिंतीला ओल आलीय का हो?

आपल्याकडे गुळगुळीतपणा हा संस्कार आहे. भिंत कशी, तर हात टेकवला की घसरला पाहिजे. फरशीत तोंड दिसलं पाहिजे. कपाटाचा सनमायका इतका चकचकीत, की दार उघडण्यापूर्वी माणूस केस नीट करतो. अशा घरात ‘भिंतीला जरा पोत हवा’ असं म्हटलं, की आजीला गळ्यातली पोत आठवते, वडिलांना सिमेंटचं पोतं आठवतं आणि बाकीचे आपल्याकडे काळजीने बघतात. पोत आणणं सोपं असतं. तो मुद्दाम आणलाय हे पटवणं हेच खरं संकट.

पोत, म्हणजे टेक्श्चर, दोन प्रकारचा. एक फक्त डोळ्यांना दिसतो, दुसरा हाताला लागतो. हाताचा पोत म्हणजे शेवटी सावली: उंचवट्याच्या एका अंगाला उजेड, दुसऱ्या अंगाला अंधार. खात्री करायची असेल तर रात्री दिवे घालवून मोबाईलची बॅटरी भिंतीला चिकटवून धरा. गवंड्याने पंधरा वर्षं लपवलेलं सगळं अक्षरशः उजेडात येतं. समोरून ट्यूबलाइट मारली की तीच भिंत निष्पाप दिसते. म्हणून खडबडीत भिंतीवरचा दिवा भिंतीपासून वीतभर अंतरावर, वरून खाली उजेड पाडणारा हवा. दिव्याची जागा आधी ठरवा आणि रंगारी मग बोलवा. आपण नेमकं उलटं करतो.

पहिल्यांदाच करणाऱ्यांनी डोळ्यांच्या पोतावर थांबावं, असं माझं ठाम मत आहे. तो स्पंजने होतो, त्यावर धूळ बसत नाही आणि नाही आवडला तर वरून दोन हात मारून विषय मिटवता येतो.

आधी ओल तपासायची. दीड बाय दीड फुटाचा प्लॅस्टिकचा तुकडा भिंतीला चारही बाजूंनी टेप लावून घट्ट चिकटवायचा आणि एक पूर्ण दिवस ठेवायचा. काढल्यावर आतल्या बाजूला थेंब दिसले तर पाणी भिंतीत आहे. मग आधी प्लंबर, नंतर कला. थेंब फक्त बाहेरच्या बाजूला असले तर तो हवेतला दमटपणा, म्हणजे पावसाळा; मग आधी ऑक्टोबर, नंतर कला. ओल्या भिंतीवर मारलेला रंग खालून सुटतो, फुगतो आणि पोपडे धरतो. तोही पोतच म्हणा, पण त्याची दिशा आपल्या हातात नसते.

दहा फूट लांब आणि नऊ फूट उंच, म्हणजे ९० चौरस फुटांची एकच भिंत घ्या. चारही भिंती करायचा मोह होतो. तसं केलं की खोली लग्नाच्या हॉलसारखी दिसते. खालच्या रंगाचे दोन हात मारून रात्रभर वाळू द्या. वरचा रंग शेडकार्डाच्या त्याच पट्टीवरचा, एक किंवा फार तर दोन घरं गडद. चार घरं सोडून घेतलात तर भिंतीला गोवर उठतो. पाव लिटर रंग पुरतो. एक वाटी रंगात पाव वाटी पाणी. त्याहून जास्त झालं तर ओघळ येतात. तो परातीत पातळ पसरायचा. डब्यात स्पंज बुडवला तर तो इतका रंग पितो, की पहिला ठसा दुसऱ्या मजल्यावर उमटेल.

खरी मेख स्पंजमध्ये आहे. स्वयंपाकघरातला स्पंज तसाच वापरला तर भिंतीवर चौकोन उठतात आणि लांबून विटा वाटतात. त्याचे कोपरे आणि कडा चिमटीने कुरतडून काढा, चांगला उंदराने खाल्ल्यासारखा दिसेपर्यंत. मग पाण्यात भिजवून घट्ट पिळा. रंगाला टेकवा, एकदा वर्तमानपत्रावर टेकवा आणि मगच भिंतीवर. दाबायचं नाही, पुसायचं तर अजिबात नाही. टेकवायचा आणि उचलायचा. दर ठशाला मनगट थोडं फिरलं पाहिजे. भाकरी थापताना ती जशी फिरत राहते, तसा इथे हात फिरतो. फिरला नाही तर एकच नक्षी शिक्क्यासारखी रांगेत उमटते, आणि एकदा ती दिसली की दुसरं काही दिसत नाही.

वरच्या कोपऱ्यापासून सुरुवात, तीन-तीन फुटांचे तुकडे करत. दर तुकड्यानंतर पाच-सहा पावलं मागे जाऊन बघायचं. मागे रंगाची परात आहे हे लक्षात ठेवून. कोपऱ्यात मोठा स्पंज जात नाही, त्यासाठी लिंबाएवढा तुकडा वेगळा तोडून ठेवा. नाहीतर कोपरे फिकट राहतात आणि भिंतीला चौकट आल्यासारखी वाटते. एखादा डाग जास्त गडद झाला तर घासू नका. वाळल्यावर खालचाच रंग स्पंजने वर टेकवा. म्हणजेच खालचा रंग संपवून डबा भंगारवाल्याला देऊन टाकलेला नसावा.

एका भिंतीला एकच माणूस. हे मी विशेष तळमळीने सांगतो. दर माणसाच्या हाताचा दाब वेगळा असतो. ‘मी पण जरा करून बघतो’ म्हणणाऱ्याने केलेला तुकडा पुढची सात वर्षं ओळखू येतो. मदत करायचीच असेल तर त्याला चहा करू द्या. आणि मध्येच जेवायला उठू नका, कारण परत येईपर्यंत परातीतला रंग घट्ट होतो आणि ठसे बदलतात. सवय नसलेला माणूस दोन-अडीच तासांत भिंत संपवतो. शेजारच्या भिंतींना रंग लागू नये म्हणून सुरुवातीला कडांना लावलेली टेप रंग किंचित ओला असतानाच तिरकी ओढून काढा. आठवडाभर विसरलात तर टेप एकटी येत नाही.

हाताचा पोत ही वरची इयत्ता. त्यासाठी साधी पुट्टी जाड थापू नका. ती दीड मिलिमीटरच्या वर गेली की वाळताना आकसते आणि तडे जातात. डब्यात तयार मिळणारं टेक्श्चरचं मटेरियल घ्या. त्यावर कंगवा फिरवायचा तर उभा फिरवा. आडव्या रेघा म्हणजे धुळीसाठी बांधून दिलेले कट्टे. दर आठवड्याला ब्रश घेऊन स्टुलावर चढायची तयारी असेल तरच त्या वाटेला जा. आणि ही भिंत पुन्हा सपाट करायची म्हणजे खरवडणं आलं. भाड्याच्या घरात तर विचारही नको, डिपॉझिट हाही एक नाजूक पोत आहे.

भिंतीला हात न लावताही बरंच जमतं. नियम एकच: खडबडीत वस्तू गुळगुळीत वस्तूच्या शेजारी ठेवा. चकचकीत टाइल्सवर तागाचा गालिचा उठून दिसतो, पण त्याखाली रबरी जाळी हवी, नाहीतर पाहुणे दारातून थेट सोफ्यावर पोहोचतात. ताग ओल्या फडक्याने पुसू नये. डाग धरतो, आणि पावसाळ्यात त्याला जो वास येतो त्याचा आळ कुत्र्यावर जातो. खणाच्या उशा करा, पण कापलेल्या कडा आधी इंटरलॉक करून घ्या, खण भराभर उसवतो. सोळा इंचाच्या अभ्र्यात अठरा इंचाची उशी कोंबा, म्हणजे कोपरे लोंबत नाहीत. घोंगडी सोफ्याच्या पाठीवर टाकावी, बसायच्या जागी नाही. ती टोचते, आणि टोचलेला पाहुणा सजावटीबद्दल चांगलं बोलत नाही. तिला अधूनमधून ऊन दाखवा, कसरीला लोकर आपल्याइतकीच आवडते.

माझं सगळ्यात लाडकं उदाहरण मात्र पुण्याच्या तांबट आळीतलं मठारकाम. हातोडीने एकाशेजारी एक पाडलेले ते ठोके शोभेसाठी तर आहेतच, पण ठोकल्याने पत्रा कडकही होतो. असा एक तांब्या साध्या पांढऱ्या भिंतीपुढे ठेवा. दिवा बाजूने, अर्थातच. प्रत्येक ठोक्यात उजेडाचा एकेक ठिपका बसतो. चिंच-मिठाने घासायचं काम कोणाचं, हे खरेदीपूर्वी ठरवा.

उरलेला रंग काचेच्या बरणीत भरून वर शेडचा नंबर आणि तारीख लिहून ठेवा, टचअपला लागतो. पाहुण्यांचं काही करता येत नाही. ते चप्पल काढता काढता भिंतीकडे बघतात, आवाज खाली आणतात आणि विचारतात, “ओल आलीय का हो?” ‘नाही, मुद्दाम केलंय’ हे उत्तर कोणालाही पटत नाही. पुढच्या जुलैत वरच्यांच्या बाथरूममधून खरंच पाणी झिरपतं आणि शेजारच्या साध्या भिंतीवर हातभर ढग उमटतो. तेव्हा तेच पाहुणे दोन पावलं मागे जातात, मान तिरकी करतात आणि म्हणतात, “हं, हा मात्र छान जमलाय.”