खुलासा : ‘द रेड बॅज ऑफ करेज’ ही माजी सैनिकाची आठवणवही नाही

अमेरिकन यादवी युद्धावरची ही कादंबरी लढून आलेल्या सैनिकाने स्वानुभवातून लिहिली आणि तिच्यात ‘युद्धाचे आयुष्यभर उरणारे परिणाम’ दिसतात, असा मजकूर फिरतो आहे. तो चुकीचा आहे. युद्ध १८६५ मध्ये संपलं; लेखक स्टीफन क्रेन जन्मला १८७१ मध्ये. १८९५ मध्ये पुस्तक आलं तोवर त्याने एकही लढाई पाहिली नव्हती. पहिली पाहिली ती १८९७ च्या ग्रीक-तुर्की युद्धात, तीही बातमीदार म्हणून. (गैरसमज जुनाच आहे. १८६२ च्या अँटिएटमच्या लढाईत क्रेन आपल्यासोबत होता, असं एका माजी कर्नलने पुस्तक आलं तेव्हाच ठोकून दिलं होतं!) क्रेनने मोठा आधार घेतला तो ‘सेंच्युरी’ मासिकातल्या, प्रत्यक्ष लढलेल्यांच्या लेखमालेचा.

‘युद्धाचे आयुष्यभर उरणारे परिणाम’ या कादंबरीत शोधू नका. लढाई सरते तिथे ती थांबते. त्यासाठी क्रेनचीच १८९६ ची ‘द व्हेटरन’ ही छोटी कथा वाचावी. तिच्यात कादंबरीचा नायक, आता म्हातारा झालेला हेन्री फ्लेमिंग नातवासमोरच कबूल करतो, की आपण घाबरून पळालो होतो. कादंबरीत लढाईचं नाव कुठेच नाही. चॅन्सलर्सव्हिलच्या लढाईचा (१८६३) उल्लेख येतो तो या कथेत.