दाजींचा विसार आणि आठ खोल्यांची बिल्डिंग

बाळ्याचे दाजी म्हणून ते आम्हा सगळ्यांचेच दाजी. चाकणच्या कंपनीतून व्हीआरएस म्हणजे स्वेच्छानिवृत्ती घेतली, हातात ६५ लाख आलेत, आणि रविवारी सकाळी कट्ट्यावर आले ते मोबाईलमध्ये बिल्डिंगचे फोटो घेऊनच. पुण्यात सिंहगड रोडकडे नऱ्ह्यात दीड गुंठ्यावर, तळमजला धरून चार मजले, मजल्यावर दोन अशा आठ वन आरके, म्हणजे एक खोली आणि स्वयंपाकघर, सगळ्या भरलेल्या, खोलीला साडेसात हजार म्हणजे महिन्याला ६० हजार भाडं, किंमत सव्वा कोटी, आणि सोमवारी दोन लाख विसार द्यायचाय. चहा यायच्या आधी एवढं सगळं सांगून झालं.

"वर्षाला सात लाख वीस हजार, घरबसल्या," दाजी म्हणाले.

माझं डोकं त्या 'घरबसल्या'वरच अडकलं. धायरीत वडिलांनी बांधलेल्या चार खोल्या मी दहा वर्षं बघतोय. मोटर जळली की रात्री अकराला मीच जातो, ड्रेनेज तुंबलं की प्लंबरला मीच शोधतो, आणि जूनमध्ये पोरं परीक्षा संपवून गावाला गेली की नवीन भाडेकरू येईपर्यंत खोली रिकामी राहते ती पण माझ्याच खिशातून. मी म्हटलं दाजी, हा धंदा आहे, चांगला धंदा आहे, पण एफडी समजून घेऊ नका.

बाळ्या लगेच उसळला, कारण बिल्डिंग त्यानंच दाखवलेली. त्याचं म्हणणं असं की ७५ लाखाचा टू बीएचके घेतला तर भाडं किती, २०-२२ हजार, म्हणजे तीन-साडेतीन टक्के, त्यातून सोसायटीचा मेंटेनन्स वजा. इथं पावणेसहा टक्के पडतायत आणि खालची जमीन आपली, फ्लॅटमध्ये काय आपलं असतं. आणि एक खोली रिकामी पडली तरी सात चालू असतात, फ्लॅट रिकामा पडला की सगळंच बंद. हे त्याचं खरं आहे, मीही मानलं. छोट्या बिल्डिंगचा सगळ्यात मोठा फायदा तोच आहे.

पण पुढचा हिशोब कुणी केलाच नव्हता. मी मोबाईलवर मांडला. प्रत्येक खोली वर्षातून एक महिना रिकामी धरा, ६० हजार गेले. महापालिकेचा टॅक्स, आणि स्वतः राहणाऱ्याला पुण्यात जी ४० टक्के सवलत मिळते ती भाड्याच्या खोलीला नाही. उन्हाळ्यातले टँकर, जिन्यातली लाईट, मोटर, रंग, गळती, आणि भाडेकरू बदलला की एजंटची एक महिन्याची दलाली. हातात पाच लाखाच्या आसपास राहतात. सव्वा कोटीवर चार टक्के. वर घेतानाच ७ टक्के स्टॅम्प ड्युटी म्हणजे पावणेनऊ लाख, ते दाजींनी धरलेच नव्हते.

"अरे पण उरलेल्या ६० लाखाचं लोन करतोय ना," दाजी म्हणाले, "भाड्यातूनच हप्ता जाईल."

इथं काका बोलले. काका बँकेतून रिटायर झालेत, एरवी पेपरमधून मान वर काढत नाहीत. त्यांनी एकच विचारलं, लोन कुठून? दाजी म्हणाले एजंटच्या ओळखीची पतसंस्था आहे, बारा टक्क्यांनी देते. काका म्हणाले, बारा टक्के, पंधरा वर्षं, लाखाला बाराशे रुपये हप्ता, ६० लाखाला ७२ हजार. आणि भाडं किती? ६०. म्हणजे आठही खोल्या बाराही महिने भरलेल्या राहिल्या, एकानं एक रुपया बुडवला नाही, तरी दरमहा १२ हजार घरातून घालायचे. मग परत विचारलं, मोठी बँक होम लोनच्या दरानं का देत नाही हा प्रश्न तुम्हाला पडला नाही का?

दाजी गप्प झाले. बाळ्या म्हणाला अहो गुंठेवारी आहे, शेतजमिनीचे गुंठे पाडून विकलेली, गुंठेवारीला बँका देत नाहीत, सगळ्यांनाच माहितीये.

सगळ्यांना माहितीये आणि सगळे त्यावरूनच पुढे जातात, मला याचा फार त्रास होतो. सिंहगड रोडच्या पट्ट्यात हजारो कुटुंबांनी आयुष्यभराची कमाई अशा गुंठ्यांत घातलीये. दहा-बारा जणांचं मिळून एकच खरेदीखत, सातबारावर सगळ्यांची नावं सामाईक, कुणाचा गुंठा नेमका कुठला हे फक्त कंपाउंडवरून कळतं. २०२१ मध्ये नऱ्हे, वाघोली धरून २३ गावं महापालिकेत आली, टॅक्सची पावती यायला लागली आणि लोकांना वाटलं झालो आपण कायदेशीर. टॅक्स पावती म्हणजे बांधकामाला परवानगी नाही. बाळ्याचा मुद्दा होता की आता तुकडेबंदी, म्हणजे जमिनीचे बारीक तुकडे विकायची बंदी, शिथिल करायचं सरकारनं २०२५ ला जाहीर केलंय, गुंठेवारी नियमित करायची तारीखही आधीच वाढवून २०२० च्या डिसेंबरपर्यंत नेलेली आहे, हळूहळू सगळं होणार. होईल पण. पण जमिनीचा तुकडा नियमित होणं वेगळं आणि त्यावरचे चार मजले नियमित होणं वेगळं, त्याला साईड मार्जिन म्हणजे बाजूला मोकळी सोडलेली जागा लागते, एफएसआय म्हणजे तेवढं बांधायची मुभा लागते, आणि फोटोत तर शेजारच्या बिल्डिंगची भिंत खिडकीपासून दीड हातावर दिसत होती.

मग भाडेकरूंचा विषय निघाला आणि इथं मी जरा आवाज चढवला. दाजी म्हणाले अ‍ॅग्रीमेंट आहेत सगळ्यांची, नोटरी केलेली. मी आठ वर्षांपूर्वी हेच केलं होतं, पाचशेच्या स्टॅम्पवर नोटरी, हजार-बाराशे वाचवले आणि भाडेकरू मुदत संपल्यावर चौदा महिने हलला नाही. वकिलानं तेव्हा समजावलं की महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम ५५, करार लेखी आणि रजिस्टर पाहिजेच, आणि ती जबाबदारी घरमालकाची. करार रजिस्टर नसेल तर अटी काय ठरल्या होत्या यात भाडेकरू म्हणेल ते धरलं जातं, वर मालकाला दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद. आणि रजिस्टर लिव्ह अँड लायसन्स, म्हणजे ठराविक मुदतीपुरता राहू देण्याचा करार, असेल तर मुदत संपल्यावर कलम २४ खाली खोली रिकामी करून घ्यायला सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाता येतं, वर राहिलेल्या दिवसांचे दुप्पट पैसे मागता येतात. आता साडेसात हजार गुणिले अकरा महिने, ८२,५०० वर पाव टक्का स्टॅम्प ड्युटी, म्हणजे दोन-सव्वादोनशे रुपये, शहरात रजिस्ट्रेशनचे हजार. एवढ्यासाठी लोक जीव टांगणीला लावतात.

काकांनी मग त्यांच्या शनिवार पेठेतल्या वाड्याचं सांगितलं. जुन्या भाडे कायद्यानं भाडी १९४० च्या आसपासच्या दरावर अडकलेली, त्यांच्या आजोबांना बारा बिऱ्हाडांचं मिळून जे भाडं यायचं त्यात पावसाळ्याआधी कौलंसुद्धा शाकारून होत नव्हती. मालक दुरुस्ती करत नाही म्हणून भाडेकरू शिव्या घालायचे, भाडं वाढत नाही म्हणून मालक शिव्या घालायचा, आणि भिंत दोघांच्या मधे भिजत राहायची. काका हे सांगताना जरा थांबले, त्यांच्या वाड्याचा मागचा सोपा एका जुलैमध्ये रात्री पडला होता, दिवसा पडला असता तर खाली पोरं खेळत असायची.

एवढा वेळ विक्या गप्प होता. विक्या नगरहून आलेला, कुरिअरमध्ये आहे, आणि नऱ्ह्यातच त्याच गल्लीत राहतो, त्या बिल्डिंगपासून चार घरं सोडून. तो म्हणाला तुम्ही सगळे भाड्याचं बोलताय, आम्ही काय भोगतो ते पण ऐका. त्याच्या बिल्डिंगला महावितरणचे मीटर दोनच, बाकी खोल्यांना सबमीटर, मालक सरसकट १४ रुपये युनिट घेतो. पहिल्या शंभर युनिटचा दर कमी असतो, शंभरच्या पुढे तो दुपटीच्या आसपास जातो, चार खोल्या एका मीटरवर टाकल्या की तो पहिला शंभरचा फायदा चौघांत मिळून एकदाच. विक्याचं एकट्याचं बिल ७० युनिट, वेगळा मीटर असता तर किती आलं असतं ते त्यानं मला महावितरणचा दर काढून दाखवलं, मला मान खाली घालावी लागली कारण माझ्याकडेही दोन खोल्या सबमीटरवरच आहेत. या महिन्यात वेगळ्या मीटरसाठी अर्ज करतोय.

आणि पाणी. सकाळी साडेसहाला वीस मिनिटं मोटर, विक्याच्या मोरीत निळा ड्रम, त्यावर ताटली झाकलेली, तो भरला की दिवस सुटला. २०२५ च्या जानेवारीत सिंहगड रोडला जीबीएसची, त्या नसांच्या आजाराची, साथ आली, नांदेड, किरकटवाडी, धायरी सगळीकडे माणसं हातापायातली ताकद जाऊन दवाखान्यात, तेव्हा विक्याच्या मालकानं टाकी धुवायला पंधरा दिवस लावले. विक्या तोवर २० लिटरचे जार विकत आणत होता. आणि ही खोली मिळायच्या आधी तीन ठिकाणी त्याला आडनाव विचारून नाही म्हटलेलं, ते त्यानं एकाच वाक्यात सांगितलं आणि पुढे गेला. आम्ही कुणीच काही बोललो नाही. माझं मत मी इथं लिहितो, भाडं वेळेवर देणाऱ्या माणसाला आडनावावरून दारातून परत पाठवणं हा सरळ अन्याय आहे, आणि असं करणाऱ्या मालकांमध्ये आपले ओळखीचे, नात्यातले खूप आहेत.

दाजींनी विचारलं, मग काय, घेऊच नको? मी म्हटलं घ्या, पण कर्ज न काढता जेवढं येतं तेवढं घ्या, चार खोल्यांचं घ्या, परवानगीचा नकाशा आणि भोगवटा पत्र, म्हणजे बांधकाम पूर्ण झाल्यावर राहायला मिळणारी महापालिकेची परवानगी, असलेलं घ्या, आणि तुम्ही राहता तिथून स्कूटरवर दहा मिनिटांत पोचता येईल असं घ्या. बाळ्याला हे पटलेलं नाही. त्याचं म्हणणं परवानगीवाल्या बिल्डिंगचा भाव ऐकलात का, ६५ लाखात त्यातल्या दोन खोल्या येतील, गुंठेवारीवाल्यांनीच या शहरातल्या गरीब माणसाला घर दिलं. यातलं शेवटचं वाक्य खोटं नाही, म्हणून तर वाद संपत नव्हता.

दाजींनी तिथूनच एजंटला फोन लावला, स्पीकरवर. परवानगीची फाईल मागितली. तो म्हणाला इंडेक्स टू, खरेदीखताच्या नोंदणीचा उतारा, आहे ना साहेब, अजून काय पाहिजे. सोमवारी नाही जमणार, दाजी म्हणाले, आधी सातबारा आणि लाईटबिलं पाठवा. मग विक्यानं खुणेनं काहीतरी सांगितलं आणि दाजींनी विचारलं, गच्चीवरची टाकी किती लिटरची आहे?

एजंटला माहीत नव्हतं. विक्याला माहीत होतं, त्याचा मित्र तिथं तिसऱ्या मजल्यावर राहतो. दोन हजार लिटर, आठ बिऱ्हाडांत चोवीस माणसं. काकांनी पेपरच्या कडेला गुणाकार केला, शहरात माणशी रोज धरतात ते १३५ लिटर, ३,२४० होतात, आणि तो पेपर दाजींपुढे सरकवला.