समुद्राला कुंपण नाही, म्हणून उद्यानही नाही?

सुट्टीत द्वारका-जामनगरला निघणाऱ्या बडोद्याच्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सॲपवर एक मजकूर फिरतोय. ‘जामनगरचं सागरी उद्यान कागदावरच. पाण्याला कुंपण असतं का? पोवळं म्हणजे शेवटी दगड, मेलेला तुकडा आणला तर काय बिघडलं? नराऱ्याला (त्याच उद्यानातला पोवळ्यांचा किनारा) कधीही जा. पफर मासा हातात घेऊन फोटो काढा, त्याला काही होत नाही.’

मासे हद्द ओलांडतात, कबूल. पण पोवळं जिथे चिकटलं तिथेच जगतं, तिवरांचंही तसंच. कच्छच्या आखातातून एके काळी सिमेंटसाठी पोवळ्यांची वाळू उपसली जायची. 1980 साली अभयारण्य झालं, 1982 साली राष्ट्रीय उद्यान. असा उपसा थांबवायला कुंपण नाही, कायदा लागतो. गाळ, तेल आणि तापलेलं पाणी मात्र हद्द मानत नाहीत, एवढं त्या मजकुरातलं खरं. म्हणून तर आधीच गाळ सोसणाऱ्या पोवळ्यावर निदान नांगर आणि बूट पडू नयेत.

मेलेल्या तुकड्याचं म्हणाल, तर नवं पोवळं अशाच कठीण पृष्ठभागावर रुजतं. शिवाय 2001 पासून प्रवाळ वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वांत कडक संरक्षणाच्या यादीत आहे. तुकडा मेलेला होता, ही सबब चालत नाही.

‘कधीही जा’ हा सल्ला तर ट्रिपच वाया घालवेल. नराऱ्याला ओहोटीतच चालता येतं. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणात (मोठ्या भरती-ओहोटीत) पाणी सगळ्यात लांब हटतं, अष्टमी-नवमीच्या भांगात (लहान भरती-ओहोटीत) फारसं नाही. ओहोटीची वेळ रोज साधारण 50 मिनिटांनी पुढे सरकते, तेव्हा कालची वेळ आज धरू नका. पूर्ण ओहोटीच्या दोनेक तास आधी पोचा, पाणी फिरलं की परता. वनखात्याची परवानगी आधी काढा. बंद बूट घाला, पाय वाळूवरच टाका. दगड उलटलाच तर होता तसाच ठेवा: खालच्या बाजूचे स्पंज आणि अंडी उन्हात वाळतात, वरचं शेवाळ अंधारात मरतं.

आणि तो पफर, कोकणातला केंड. पाण्यात घाबरला की तो पाणी गिळून फुगतो. हातात उचलला तर हवा गिळतो, आणि ती त्याला सहज बाहेर टाकता येत नाही. मग सोडल्यावर पोट वर करून तरंगत राहतो, बगळ्याच्या चोचीपुढे. गाईडने पुढे केला तरी घेऊ नका. डबक्यात असतानाच फोटो काढा.